अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांना ओमेगा-३ चं सिरप द्यावं का? (इंदूर)

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी,

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळाची वर्गणी जमते. एरवी त्यातून वह्या-दप्तरं देतो. यंदा जवळच्या बस्तीतल्या अंगणवाडीतल्या लहान मुलांसाठी काही करायचं ठरलंय. तिथे कमी वजनाची मुलं बरीच आहेत. काहींचे केस भुरकट झालेत, हातापायांची कातडी खरखरीत.

मंडळातल्या एका वहिनींचं म्हणणं, ओमेगा-३ आणि डीएचएचं (डीएचए म्हणजे मेंदूला लागणारं एक ओमेगा-३) सिरप वाटूया. त्यांच्या नातवाला डॉक्टरांनी दिलं होतं, मेंदूची वाढ चांगली होते म्हणतात. मेडिकलवाल्याने घाऊक भावात बाटल्या द्यायचं कबूल केलंय.

मला दोन्ही बाजू दिसतात. मेंदूची सगळ्यात वेगाने वाढ गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत होते आणि त्यात डीएचए लागतं, इतकं मीही वाचलंय. पण ज्या घरात मुलाच्या डाळीत तेलाचा थेंब पडत नाही, तिथे चमचाभर सिरप काय करणार? तरी विचारते: द्यावं का? दिलं तर कोणत्या वयाला? आणि देऊ नये असं असेल तर त्याच पैशात काय करावं? या क्षेत्रात काम केलेल्यांनी जरूर लिहा. पुढच्या बैठकीत मला ठामपणे बोलायचंय.

पोहे_विथ_सेव

चांगला विषय, ताई. वाचतोय.

निवृत्त_बालरोग

ताई, आधी एक विचारतो. "कमी वजनाची" म्हणजे नेमकी कोणती मुलं? अंगणवाडीत दंडघेर मोजायची तीन रंगांची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळं, मध्यम कुपोषण. त्यावर हिरवं. हे तीन गट वेगळे, त्यांचे उपाय वेगळे.

लाल पट्टीचं मूल वर्गणीतल्या कुठल्याच बाटलीने बरं होत नाही. त्याला ताप आहे का, जुलाब आहेत का, भूक आहे का, हे आधी बघावं लागतं. भूक मेलेली असेल किंवा दुसरा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे आपण ज्याला एनआरसी म्हणतो तिथे भरती. तिथेही पहिले काही दिवस मुद्दाम कमी ऊर्जेचं एफ-७५ दूध देतात, १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी. मुलाचं यकृत, हृदय, मूत्रपिंड इतके थकलेले असतात की एकदम तेल-तूप, प्रथिनं लोटली तर जीवावर बेततं. भूक परतली की जास्त ऊर्जेचं एफ-१०० दूध किंवा शेंगदाण्याची उपचारात्मक पेस्ट. या दुधात आणि पेस्टमध्ये जीवनसत्त्वं, खनिजं, स्निग्ध पदार्थ हिशोबाने घातलेले असतात. वरून सिरप द्या असं जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत नाही.

पिवळ्या पट्टीच्या मुलाला सगळ्यात आधी ऊर्जा हवी. ऊर्जा कमी पडली की शरीर दिलेला ओमेगा-३ सुद्धा जाळून टाकतं, मेंदूपर्यंत पोचू देत नाही. भिंती उभ्या नसताना रंगाचे डबे आणण्यासारखं होईल.

कातडीबद्दल लिहिलंत ते मात्र महत्त्वाचं. खरखरीत, पापुद्रे सुटणारी त्वचा आवश्यक स्निग्धाम्लांच्या कमतरतेतही दिसते. १९२९ साली अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांना पूर्ण स्निग्धविरहित आहार दिला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि कातडीला खवले धरले. तिथून हा विषय सुरू झाला. पण आपल्या मुलांमध्ये झिंक, 'अ' जीवनसत्त्व, प्रथिनं सगळंच कमी असतं. कातडी बघून एकाच गोष्टीकडे बोट दाखवता येत नाही.

लष्करवाला_ग्वाल्हेर

डॉक्टरसाहेबांना दंडवत. आमच्या ग्वाल्हेरच्या मुलांना सिरप कशाला, इथे वरणाला फोडणीसुद्धा सरसोंच्या तेलाची असते! मुरैना-भिंडचं ताजं घाणीचं तेल. त्यात ओमेगा-३ भरपूर असतं असं ऐकून आहे. खरं की आमचा अभिमान?

बडोद्याची_आहारतज्ज्ञ

लष्करवाले काका, अभिमान रास्त आहे. धाग्यातला खरा मुद्दा मला इथेच सापडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वनस्पतींतलं ओमेगा-३ म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. माशांत, अंड्यांत, आईच्या दुधात असतं ते तयार डीएचए. शरीर पहिल्यापासून दुसरं बनवतं, पण फारच थोडं. त्यातून आहारात ओमेगा-६ (तेलांतलं दुसऱ्या प्रकारचं स्निग्धाम्ल) खूप असेल तर हे रूपांतर करणारं एन्झाइम तिकडे गुंततं आणि आणखी कमी बनतं. कुपोषित मुलात झिंक-लोहाची कमतरता असते, तीही आड येते.

आता तीन शहरांची तेलं बघा. सरसोंच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक साधारण दहा टक्के किंवा थोडं वर. तुमच्या इंदूरच्या सोयाबीन तेलात सातच्या आसपास. आणि आमच्या बडोद्यात घरोघर सिंगतेल (शेंगदाण्याचं) नाहीतर कपासिया (सरकीचं), दोन्हींत जवळजवळ शून्य. फरसाणाच्या गावात राहून हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे.

हिशोब करूया. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला हजार कॅलरी धरल्या तर त्यातली साधारण अर्धा टक्का ऊर्जा या आम्लातून यावी, असं एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने सांगितलंय. म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅमच्या जरा वर. छोट्या चमच्यात साडेचार ग्रॅम तेल मावतं. सोयाबीनचं असेल तर त्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम. दोन चमचे वरण-भातात गेले की गरज भागली, वर ऐंशी कॅलरी मिळाल्या. सिरपच्या चमच्यातून एवढी ऊर्जा मिळत नाही.

तयार डीएचएचं गणित वेगळं. सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत किलोमागे १० ते १२ मिलिग्रॅम. आठ किलोच्या मुलाला ८० ते ९६. हे तेलाच्या चमच्यातून मिळणार नाही, हे मान्यच करायला हवं.

सियागंज_किराणा

बडोद्याच्या ताईंनी आमच्या गल्लीची बाजू मांडली, आभार! धंद्यातला माणूस म्हणून दोन गोष्टी जोडतो. सुटं तेल घेऊ नका, कशात काय मिसळलंय कळत नाही. १९९८ साली दिल्लीत सरसोंच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं, म्हणजे सत्यानाशीचं बी मिसळलं गेलं आणि लोकांच्या अंगावर सूज येऊन माणसं दगावली. मुलांसाठी घेताना सीलबंद, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व घातलेली पिशवी घ्या, त्यावर एफचं चिन्ह असतं. आणि भजी तळून उरलेलं तेल कुणी दान देऊ नये. देतात, म्हणून लिहितोय.

प्रयोगशाळा_ते_ओटा

मला डॉक्टरांशी थोडं असहमत व्हायचंय. "आधी ऊर्जा, मग बाकी" हे बरोबर, पण त्या "मग"मध्ये मुलाची दोन वर्षं निघून जातात. वजन भरून येतं, मेंदूचं काय?

दोन अभ्यास सांगतो. केनियातल्या किलिफीत तीव्र कुपोषित मुलांवर झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती, साठ. काहींना नेहमीची पेस्ट, काहींना जवसाचं तेल घातलेली, काहींना त्यासोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. निष्कर्ष असा की नुसतं जवसाचं तेल वाढवून मुलांच्या शरीरातली डीएचएची तूट भरत नाही, तयार डीएचए द्यावं लागतं. दुसरा मलावीतला, २०२२ चा, सुमारे अडीच हजार मुलं. तिथे पेस्टमधलं ओमेगा-६ कमी केलं आणि एका गटाच्या पेस्टमध्ये डीएचएही घातलं. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी मुलांची बौद्धिक-शारीरिक विकासाची चाचणी घेतली, तेव्हा डीएचएवाल्या गटाचे गुण नेहमीची पेस्ट खाल्लेल्यांपेक्षा चांगले आले.

त्याच वर्षी कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) या पेस्टसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली त्यांतही ओमेगा-६ ची कमाल मर्यादा खाली आणलीय आणि ओमेगा-३ ची किमान मर्यादा वर नेलीय. म्हणजे जगभर हे गांभीर्याने घेतलं जातंय. मग वहिनींना वेड्यात का काढायचं?

निवृत्त_बालरोग

वहिनींना वेड्यात काढलेलं नाही, त्यांचा हेतू सोन्यासारखा आहे. मलावीचा अभ्यास मोलाचा आहे, मीही आनंदाने वाचला. पण त्यात काय दिलं ते बघा. पेस्ट दिली. पूर्ण उपचाराचं अन्न, त्याच्या पोटात डीएचए. एका पाकिटात सुमारे ५०० कॅलरी. सोबत दर काही दिवसांनी वजन, दंडघेर, आजाराची तपासणी. तिथून "डीएचएने फायदा झाला" एवढंच उचलून आपण बाटली विकत घेतो आणि पेस्ट मागे राहते. उद्या आपल्याकडच्या उपचारात्मक आहारात डीएचए घालायचं ठरलं तर पहिली सही माझी.

पलासियाची_आई

माझी मुलगी दोन वर्षांची. कुपोषित नाही, पण खायला नखरे फार. मी सिरप देते. माशाचा वास येतो म्हणून थुंकते, मग आंब्याच्या वासाचं आणलं. वाचून आता वाटतंय की बंद करू का?

बडोद्याची_आहारतज्ज्ञ

पलासियाताई, डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांना विचारून ठरवा. मूल अंडं खात असेल तर एका साध्या अंड्यात पंचवीस-पन्नास मिलिग्रॅम डीएचए असतं. अंडं चालत नसेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए येतं, ते शाकाहारी. लेबल मात्र नीट वाचा: "ओमेगा-३ इतके मिलिग्रॅम" लिहितात तेव्हा त्यात डीएचए किती हे वेगळं शोधावं लागतं. काही सिरपमध्ये मोठा आकडा जवसाच्या तेलाचा असतो.

निमाड_सुपरवायझर

मी खरगोन-बडवानीकडे अंगणवाड्यांची सुपरवायझर होते, आता इंदूरला मुलाकडे असते. जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते.

कोण्या संस्थेने आमच्याकडे टॉनिकच्या बाटल्या वाटल्या होत्या. आया घेऊन गेल्या, खुशीने. पुढच्या भेटीत घरी गेले तर बाटली चुलीच्या वरच्या फळीवर, धुराने काळी, झाकण चिकटलेलं. आई म्हणाली, मोठ्याला पण दिलं, नणंदेच्या पोराला पण दिलं, चांगली चीज आहे तर सगळ्यांनी खावी. तिचं काय चुकलं? घरात चार मुलं असताना एकालाच चमचा कसा भरवणार? आणि ते तेल उघडं राहिलं, उन्हात राहिलं तर खवट होतं.

आता दुसरं बघा. त्याच पाड्यात सकाळी मी एका आईच्या शेजारी बसले. मक्याची भाकरी, उडदाची पातळ डाळ. तिने वाटीत भाकरी कुस्करली, वरून डाळीचं पाणी घातलं. मुलगा सव्वा वर्षाचा. दोन घास खाऊन त्याने तोंड फिरवलं. ती म्हणाली, पोट भरलं. मी म्हटलं, बाई, पोट पाण्याने भरलं. खालची दाट डाळ काढ. तिने पळी तळापर्यंत नेली. मग मी तिच्याच बुधल्यातलं तेल तिच्याच चमच्याने त्यात घातलं आणि बोटांनी मऊ मळायला सांगितलं. पोराने ती वाटी संपवली. मऊ लागलं, चव लागली, गिळायला सोपं गेलं. सासू दारात उभी होती. तिला भीती की तेलाने खोकला होईल, जुलाब होतील. तिच्याशीच जास्त बोलावं लागलं, सुनेशी नाही. घरातलं तेल कोणाच्या हातात आहे ते बघा, ताई. बहुतेक वेळा ते सासूच्या हातात असतं.

मालवी_माणूस

निमाडताई, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. "पोट पाण्याने भरलं" हे तर प्रत्येक घरात सांगायला हवं. आमच्या घरीही बाळाला वरणाचं पाणीच देतात, तेही कौतुकाने.

अंडी_हवीतच

एवढं सगळं लिहिलं आणि अंड्याचं नाव फक्त एकदा? अंड्यात प्रथिनं, डीएचए, कोलिन, 'अ' जीवनसत्त्व, सगळं एका कवचात. २०१५ मध्ये आपल्याकडे आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव आला आणि मुख्यमंत्र्यांनी नाकारला. ज्यांची मुलं घरी अंडी खातात त्यांच्या ताटातलं अंडं दुसऱ्याच्या सोवळ्यापायी गेलं. मला याचा आजही राग येतो.

तुळशीबाग_ते_तिलकनगर

प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान ठेवायला हवा. दूध आहे, शेंगदाणे आहेत, डाळी आहेत.

अंडी_हवीतच

मान ठेवाच. ज्याला नको त्याला दूध-केळं द्या. ज्याला हवं त्याला अंडं द्या. यात कोणाची श्रद्धा दुखावते?

धागा_पालक

अंड्यांवर स्वतंत्र धागा काढा, तिथे मनसोक्त बोला. इथे ताईंच्या प्रश्नावर राहूया.

आजी_मल्हारगंज

आमच्या लहानपणी घरात कॉड लिव्हर ऑइलची बाटली असायची. आई नाक दाबून चमचा घालायची. आणि हिवाळ्यात तेलाची मालिश, मग उन्हात पाटावर. त्यावर वाढलो. मुलांच्या अंगाला तेल लावायला बायकांना शिकवा, त्याला पैसे लागत नाहीत.

निवृत्त_बालरोग

आजी, मालिशीबद्दल तुमच्याशी सहमत. तेल त्वचेतून थोडं आत जातं. ढाक्याच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलं तेव्हा जंतुसंसर्ग कमी झाले, हा अभ्यास २००५ साली आला. नाजूक, सोललेल्या त्वचेवर सरसोंचं तेल मात्र नको, ते आग करतं. लष्करवाल्यांनी रागवू नये!

पण नाक दाबून चमचा घालणं अजिबात नको. रडत्या मुलाच्या तोंडात किंवा नाकात तेल ओतलं की ते श्वासनलिकेत जातं आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. तो लवकर बरा होत नाही. अशक्त मुलात धोका आणखी जास्त. कॅप्सूल पण लहान मुलाला नको, घशात अडकते.

दुसरं, कॉड लिव्हर ऑइलमध्ये 'अ' जीवनसत्त्व भरपूर असतं. आपल्याकडे अंगणवाडीतून एक वर्षाच्या पुढच्या मुलाला सहा महिन्यांनी दोन लाख युनिट 'अ' जीवनसत्त्व पाजलं जातं, एक वर्षाच्या आतल्याला एक लाख. त्यात रोज कॉड लिव्हर वाढवलं तर मात्रा अति होऊ शकते. मंडळाने तेच वाटायला घेतलं तर आधी नोंदवही बघावी लागेल.

लष्करवाला_ग्वाल्हेर

रागावलो नाही डॉक्टरसाहेब! मालिशीला वेगळी शिशी घेतली. फोडणी मात्र तीच राहील.

बाळंतीण_सध्या_बडोद्यात

माझं बाळ चार महिन्यांचं आहे. आईने अळिवाचे लाडू पाठवलेत, सासूबाई जवसाची चटणी करतात. याचं ओमेगा-३ बाळापर्यंत जातं का?

बडोद्याची_आहारतज्ज्ञ

थोडं जातं. आईच्या दुधातल्या स्निग्धात जगभरच्या सरासरीने ०.३ टक्क्यांच्या आसपास डीएचए असतं. आई काय खाते त्यावर ते बदलतं, शाकाहारी आईच्या दुधात सहसा कमी. अळीव-जवस खाल्ल्याने दुधातलं अल्फा-लिनोलेनिक वाढतं, डीएचए फारसं वाढत नाही. तरी लाडू खा, त्यात लोह आहे, गूळ आहे, आईची माया आहे.

रामबागताईंच्या प्रश्नाकडे हेच नेते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सिरपचा थेंबही नको, फक्त अंगावरचं दूध. पुढेही दोन वर्षांपर्यंत पाजत राहिलं, दिवसाला अर्धा लिटर मिळालं, तर साठेक मिलिग्रॅम डीएचए तिथूनच येतं. बस्तीतल्या बायका कामावर जातात म्हणून वर्षाच्या आत दूध तोडतात. ते टिकवायला मदत झाली तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं ओमेगा मिळेल.

कामगार_मोहल्ला

मी जरा कडवट बोलतो, राग मानू नका. मी अशाच बस्तीत वाढलो. तुमच्या नातवंडांना डीएचए आणि आमच्या पोरांना "डाळीत तेल घाला" हा उपदेश? आमच्या आईला दाट डाळ माहीत नव्हती असं नाही. डाळच एवढी होती की पाणी घातल्याशिवाय सहा जणांना पुरत नव्हती. शिकवण्याआधी हे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मध्यप्रदेशात पाच वर्षांखालच्या ३५.७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. ती सगळ्या आयांच्या अज्ञानाने नाही.

निमाड_सुपरवायझर

भाऊ, एकदम खरं बोललात. म्हणूनच मी म्हणते, तेल द्या, नुसता सल्ला देऊ नका. तेलाची पिशवी द्या, डाळ द्या, शेंगदाणे-गूळ द्या. वस्तू हातात असली की दाट वाढायची हिंमत येते.

प्रयोगशाळा_ते_ओटा

कामगार मोहल्ल्यांचा मुद्दा मला पटतो, आणि त्याच कारणाने माझा आग्रहही कायम आहे. समतेच्या दृष्टीने बघितलं तर गरीब मुलाला आधी डीएचए मिळायला हवं, कारण त्याच्याकडे अंडं-मासळी-पेस्ट काहीच पोचत नाही. माझं मत: तेल-डाळ सगळ्यांना, आणि ज्यांच्या घरी चालतं त्या दोन वर्षांखालच्या मुलांना अंडी.

रामबाग_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अंगणवाडीत जाऊन ताईंसोबत पट्टी लावून बसले. बहुतेक मुलं पिवळ्यात, काही हिरव्यात, लालमध्ये दोघं, त्यांना एनआरसीत पाठवायचं अंगणवाडीताईंनी आधीच ठरवलंय. सुपरवायझर मॅडमशीही बोलले. त्यांच्या परवानगीने सीलबंद सोयाबीन तेल, तूरडाळ आणि भाजलेले शेंगदाणे कुटून देता येतील, अख्खे दाणे लहानांना नको म्हणाल्या. वहिनींना दोन्ही अभ्यास वाचून दाखवले. त्या अजून पूर्ण वळल्या नाहीत, पण या वर्षी तेल-डाळीला हो म्हणाल्या.

एक मूल तेवढं गोंडस दिसलं. सव्वा-दीड वर्षाची मुलगी, गाल भरलेले, पाय गुबगुबीत, पट्टीवर हिरवी. फक्त चिडचिडी आहे, खात नाही, एका कोपऱ्यात बसून असते. बाकी बरी वाटली.

निवृत्त_बालरोग

ताई, आजच परत जा. तिच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून धरा. काढल्यावर खळगा राहिला तर ती सूज आहे, बाळसं नव्हे. सूज असलेलं मूल पट्टीवर हिरवं दिसलं तरी ते तीव्र कुपोषित धरतात आणि भरती करतात. भूक नाही, चिडचिड, कोपऱ्यात बसणं, ही लक्षणं मला आवडलेली नाहीत. घरी तेल-तूप, डाळ, काही वाढवू नका. सरळ न्या.

निमाड_सुपरवायझर

अंगणवाडीताईंना सोबत घ्या, आशा कार्यकर्तीला फोन करा. कातडीवर काळपट चट्टे, सोलल्यासारखं काही आहे का तेही बघा. आई नाही म्हणेल, तयारी ठेवा. घरी दुसरी मुलं असतील, रोज बुडेल. एनआरसीत आईला राहण्या-जेवणाची सोय आणि दिवसाचा भत्ता असतो, ते आधी सांगा.

रामबाग_इंदूर

जाऊन आले. दोन्ही पायांवर खळगा राहिला. अंगणवाडीताईंनी लगेच कागद केला. आई तयार नव्हती, घरी पाच वर्षांचा मुलगा आणि म्हातारे सासरे, नवरा गवंडीकामावर बाहेरगावी. वहिनीच पुढे झाल्या, म्हणाल्या, मुलगा आमच्याकडे राहील, सासऱ्यांचा डबा मी पाठवते. संध्याकाळी मुलीची भरती झाली.

निवृत्त_बालरोग

उत्तम केलंत, सगळ्यांनीच. आई मध्येच उठून घरी जाणार नाही एवढं बघा. तीन-चार दिवसांत सूज उतरायला लागते, वजन उलट कमी होतं, मूल सुकल्यासारखं दिसतं. आया तिथेच घाबरून मूल घेऊन जातात. हे तिला आजच सांगून ठेवा.

रामबाग_इंदूर

उद्या सकाळी डबा घेऊन जातेच आहे, सांगते. बैठकीत वर्गणीतला एक भाग यासाठीच वेगळा ठेवायचं सुचवणार आहे: भरती झालेल्या मुलांच्या भावंडांचं जेवण आणि आईच्या येण्या-जाण्याचं भाडं. तेल-डाळीचं वाटप कधी ठेवावं?

निमाड_सुपरवायझर

मंगळवारी ठेवा. अंगणवाडीत मंगल दिवस असतो, अन्नप्राशनाला आया आणि सासवा दोघी येतात. पिशव्या नुसत्या वाटू नका, तिथेच डाळ शिजवा आणि प्रत्येकीला आपल्या मुलाची वाटी स्वतः कालवू द्या. मी येते, पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवा.

सियागंज_किराणा

तेलाच्या पिशव्या खरेदीच्या भावात देतो, ताई. किती लागतील ते सोमवारपर्यंत सांगा.